पाठ

डीपी रोडच्या लॉनवर हिरवळीला पाणी मारणाऱ्या पोरानं
हौसेहौसेनं रेवडीलाही धुतलं.
"उकडत होतं तिला," म्हणाला. डिसेंबरात.
मी पावतीवर सही करून येईपर्यंत
पोटाखालून धारा लागल्या होत्या.

साडेपाच. गोरज मुहूर्त.
मारुतीच्या देवळापासून नवरदेवाला घोडीवर आणायचं.
क्लॅरिनेटवाला जिभेनं पट्टी ओली करतोय,
आणि मी गोणपाटानं घोडी कोरडी करतेय.
नवरदेवाचे मामा घड्याळ दाखवत येतात,
"अहो परदेशीबाई, ओली आहे तर ओली.
घोडी आहे ती, मिठाचा खडा नाही."

मी पाठीवरून उलटा तळवा फिरवते.
केसांची टोकं जुळून काटे झालेत,
त्यांच्या मुळाशी लॉनची वाळू. दोन कण.
दोन कण, वर नमदा, वर जीन,
वर शेरवानीसकट नव्वद किलो,
आणि दर चौकात थांबून नाचणारे मित्र.

पाण्याशी माझं वैर नाही.
स्वारी चालू असताना सर आली तर येऊ दे,
जीन बसलेली असते, तिच्याखाली पाणी शिरत नाही.
पण भिजून मऊ पडलेल्या कातडीवर चामडं आवळायचं,
आणि मग ते तासभर इकडून तिकडे, तिकडून इकडे...
"नमद्याची सुरकुती म्हणजे सुरी," अण्णा म्हणायचे.
बाकी अण्णा फारसं काही म्हणायचे नाहीत.

मी एकोणीस वर्षांची होते. नाना पेठ.
मैना घामाघूम, एक वरात संपवून आलेली,
दुसरी गल्लीच्या तोंडाशी उभी, पाचशे रुपये जास्त.
मी तंग आवळला. तिनं मान वळवून
माझ्याकडे बघितलं, चावली नाही.
पाठ लागली. बावीस दिवस हळद, कडुनिंब, माश्या.
जखम भरली तेव्हा काळपट तांबड्या अंगावर
रुपयाएवढे केस पांढरे उगवले.
लोकांना ती शुभखूण वाटायची.
नवरे मुलगे तिला हात लावून पाया पडायचे.
अण्णा पुढे लगाम धरून उभे,
रस्त्याकडे बघत.

"पैसे कापून घेऊ," मामा म्हणतात.
"घ्या," मी म्हणते. "नाहीतर त्यांना चालत आणा.
चप्पल चांगली आहे त्यांची."

मग नवरीच्या खोलीतून कोण जाणे कुणाच्या डोक्यातून
केस वाळवायचं यंत्र आलं,
त्यामागून एक्स्टेंशन बोर्ड,
त्यामागून मेंदीनं हात अडकलेली करवली, सूचना देत.
ताशाला न भिणारी रेवडी त्या घुंईला भ्यायली,
दोन पावलं मागे, कान सपाट.
नवरदेव फेटा सावरत वायर उचलून उभा राहिला.
"गरम तर नाही ना होत तिला?" त्यानं विचारलं.
घोडीबद्दल त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी काही विचारलं.
मी ब्रश मारला, वाळू झटकली,
कोरडा नमदा दोनदा उन्हाकडे धरून पाहिला,
उन्ह कसलं, हॅलोजन.

मुहूर्त साधला की हुकला ते भटजींनाच ठाऊक,
मंगलाष्टकं मात्र बरीच भरभर झाली.

रात्री पुलाखाली टेम्पो लावून जीन उतरवली.
खाली रेवडी ओलीचिंब.
जिनाच्या आकाराचा घाम, त्यातून वाफ.
कोरड्या घोडीवर बसा,
उतराल तेव्हा ती ओलीच असते.
त्या पाण्याचं कुणी विचारत नाही,
मीही इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.

बोट फिरवत गेले तर तंगाच्या वर
एक कण लागला. म्हणजे झटकला तो एकच.
खाली कातडी किंचित गरम.
आठ-दहा दिवसांत कळेल.
रेवडी तर पांढरीच,
तिच्यावर काही उगवलं तरी दिसायचं नाही.
माझ्या बोटाला ती जागा सापडेल.